बकुळीचं पाणी

छबुबाईला निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं खुशाल पुढं येऊन सांगावं. वडवणीच्या अलीकडं डांबरी सडक सोडून दीड कोस आत गेलं की जी वाडी लागते, तिथल्या एकाही माणसाच्या नशिबात हे दर्शन नव्हतं. भाकरी थापताना तिचं लक्ष शेळीकडं, शेळीला पाणी दाखवताना लक्ष आभाळाकडं, आणि आभाळात बघण्यासारखं काही नसायचंच म्हणून पुन्हा चुलीकडं. जेवायलासुद्धा ती उकिडवी बसायची, उठायला सोपं म्हणून. तिचा नवरा शहादेव म्हणायचा, "हिला घडवल्यावर देव खाली ठेवायचं इसरला." तो स्वतः जिथं टेकेल तिथं मुरणारा गडी होता, त्यामुळं जोडी बरी जमली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादमाच्या मते त्याच्या टोळीत याच्याइतका चांगला कोयता दुसरा नव्हता.

दसरा झाला की वाडीत ट्रक यायचा. पेटी, पातेली, कोंबड्या, बैलजोडी, सगळं त्यात चढवून अर्धी वाडी पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जायची, ती चैत्र-वैशाखात परत. छबुबाईनं लग्नानंतर वीस वर्षं हेच केलं. निघताना दाराला कुलूप आणि अंगणाच्या तोंडाशी बाभळीची काटी. परत येऊन ती काटी बाजूला सारताना तिला दरवर्षी राग यायचा. कुणाचा, ते तिला सांगता आलं नसतं. तुळस वाळून काडी झालेली, कोनाड्यात गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड केलेलं, पत्र्यावर बोटभर धूळ. सहा महिने आपण नव्हतो, पण या घराला आपली सयसुद्धा आली नाही असं तिला वाटायचं. मग ती बांगड्या मागं सारायची आणि झाडू हातात घ्यायची.

त्यांची टोळी ज्या सहकारी कारखान्याला ऊस घालायची, तिथं वजनकाट्याजवळ एक बकूळ होती. उसाच्या गाड्यांची रांग काट्यापाशी तीन-तीन तास तटलेली असायची. शहादेव गाडीखाली अंग टाकायचा आणि छबुबाई रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायची. येता-जाता तिला ते झाड दिसायचं. फाल्गुनात सगळा मुलूख करपलेला असताना हे झाड तेवढं काळसर हिरवं, दाट, एखादं पानसुद्धा मलूल नाही. खाली बारीक फुलांचा सडा पडलेला. वाळलेल्या फुलांनाही वास असायचा. बायका ती पदरात बांधून न्यायच्या आणि पुढं महिनाभर पेटीतल्या लुगड्यांना तो वास यायचा.

कारखान्याच्या बागेचा माळी उत्तरेश्वर हा मूळचा पाटोद्याकडचा. एके काळी त्यानंही कोयता चालवला होता. एकदा उसाऐवजी डाव्या हाताचा अंगठा गेला आणि कारखान्यानं त्याला बागेत लावून घेतलं. आपल्याकडची बोली कानावर पडली की म्हातारा खुलायचा.

"मामा, ह्या झाडाला रोज किती पाणी घालता?" छबुबाईनं एकदा विचारलं.

"एक थेंब न्हाई."

"थापा मारू नका."

"थापा मारून मला काय भेटणार हाय बाई? लहानपणी लागतं तिला. तीन उन्हाळे जपायचं. आठ दिसाला एक घागर, पर खोल मुरवायची. रोज तांब्या-तांब्या दिलं का मुळ्या वरच राहत्यात, झाड लाडावतं. तीन उन्हाळे काढले का मंग सोडून द्यायचं. तिचं ती बघती."

"आमच्याकडं यील का हो?"

"आमच्याकडं माणसं जगत्यात, झाड कावून न्हाई जगणार?"

म्हातारा आत गेला आणि दुधाच्या पिशवीत वाढवलेलं वीतभर रोप घेऊन आला. "सभासदांना दिवाळीला साखर भेटती. तुमी काय सभासद न्हाई. तुमाला झाड," असं म्हणून त्यानं ते तिच्या हातात दिलं. छबुबाई हसली. वीस हंगाम ज्या कारखान्याला ऊस घातला, त्यानं आपल्याला दिलेली ही पहिलीच वस्तू, हे गाडीवर चढल्यावर तिच्या ध्यानात आलं आणि मग तिला तितकंसं हसू येईना.

ही गोष्ट दोन हजार सात सालची. ते साल तिच्या ध्यानात राहायला आणखी एक कारण होतं. त्याच वर्षी तिची सासू तुळजाबाई पहिल्यांदा मागं राहिली होती. तीस वर्षं म्हातारी टोळीबरोबर गेलेली. आधी तोडायला, मग पाठ वाकल्यावर कोप्या, म्हणजे टोळीच्या पाचटाच्या झोपड्या, राखायला आणि भाकरी करायला. सांजच्याला फडातून परत येणाऱ्या प्रत्येकाला ती तांब्या भरून पाणी द्यायची, मग तो कुणाच्याही कोपीतला असो. चाळीस माणसांची टोळी, चाळीस तांबे. त्या वर्षी दोन्ही गुडघे बसले आणि मुकादम म्हणाला, म्हातारीला घरीच ठेवा. छबुबाईची लेक नांदूरघाटला नांदायला गेलेली, त्यामुळं घरात एकटी तुळजाबाई आणि एक शेळी.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परतीची गाडी. वाडीत ट्रक थांबला तेव्हा अंगणाच्या तोंडाशी काटी नव्हती आणि तुळशीला पाणी होतं. तुळजाबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं आल्या-आल्या सुनेचा पिच्छा पुरवला. टोळीतल्या सटवाची बायको बाळंत झाली का, मुकादम औंदा कुणावर गुरगुरला, सरस्वतीबाईचा खोकला गेला का. छबुबाई उभ्या-उभ्या हो-नाही करायची आणि रोपाकडं धावायची.

मामानं बजावलं होतं की पाऊस लागल्याशिवाय लावू नका. पण छबुबाई म्हणजे काय पावसाची वाट बघणारी बाई होती? आल्या दिवशीच तिनं अंगणाच्या कोपऱ्यात गुडघाभर खड्डा घेतला, रोप लावलं, आणि ऊन लागू नये म्हणून त्याला चहूबाजूंनी वाढे लावले. वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. येताना बैलांसाठी त्याच्या चार पेंढ्या आणल्या होत्या. उसाच्या मुलखात उभा जन्म गेल्यावर सावली करायला दुसरं काय सुचणार? हिरव्यागार वाढ्यांचा तो मांडव करून ती पाण्याला गेली. परत आली तेव्हा शेळी दावं तोडून मांडव खात होती. मांडवाबरोबर आतला नवरदेवही गेला होता.

"शेळीला ताट वाढून दिलंस की," शहादेव म्हणाला आणि पोट धरून हसला. छबुबाईनं शेळीला दोन रट्टे दिले आणि मग न्हाणीच्या आडोशाला जाऊन रडली. वीतभर झाडासाठी रडलो हे तिनं कुणाला कळू दिलं नाही.

पुढच्या हंगामात ती मान खाली घालून मामाकडं गेली. सगळं ऐकल्यावर "शेळीचं पोट भरलं का?" एवढंच विचारून म्हाताऱ्यानं दुसरं रोप दिलं. या वेळी तिनं मृगापर्यंत दम धरला, आणि तो कसा धरला ते शहादेवला विचारावं. दिवसातून दहा वेळा ती पिशवी उचलून इकडची तिकडं ठेवायची. पाऊस पडल्यावर रोप लावलं, भोवती बोरीच्या काट्यांचं दाट कुंपण केलं, आणि मामानं सांगितल्याप्रमाणं बुडाला भोक पाडून त्यात चिंधी घातलेलं एक मडकं शेजारी गळ्यापर्यंत पुरलं. आठ दिवसांतून एकदा ते भरायचं. पाणी चिंधीतून झिरपत खाली मुळांशी जायचं. दसऱ्यानंतर हे काम तुळजाबाईकडं आलं.

पुढची तीन वर्षं छबुबाईनं ऊस इथं तोडला आणि जीव तिथं ठेवला. कोयता चालायचा, पण डोक्यात झाड. कुंपण कुणी मोडलं असेल का? म्हातारी विसरली तर? आठवडी बाजाराच्या दिवशी टोळीला सुट्टी मिळायची. शहादेवनं मोबाईल घेतला तेव्हापासून त्या दिवशी ती बांधावर चढून शेजारणीला, भामाबाईला, फोन लावायची. भामाबाई हाक मारून तुळजाबाईला बोलवायची. म्हातारीला फोन कानाशी कसा धरायचा ते शेवटपर्यंत जमलं नाही. ती तो तोंडासमोर धरून ओरडायची.

"आत्याबाई, पाणी घातलं का?"

"घातलं! सटवाची बायको कशी हाय?"

"बरी हाय. मडकं भरून घातलं का आर्धं?"

"भरून! तिथं थंडी लई पडली का गं?"

"पडली, पडली. शेळी बांधून ठिवता न्हवं?" आणि एवढ्यात पैसे संपतील म्हणून छबुबाई फोन बंद करायची.

झाड जगलं. पहिल्या वर्षी गुडघ्याएवढं, दुसऱ्या वर्षी कमरेला, तिसरा उन्हाळा गेला तेव्हा छबुबाईच्या खांद्याला लागलं. काटी सारायचा तो जुना राग आता कुठच्या कुठं पळाला होता. परत येताना वाडीच्या वळणाशी आलं की आधी ते हिरवं टोक दिसायचं आणि ती चालत्या ट्रकात उभी राहायची.

पुढच्या हंगामात वजनकाट्यापाशी मामा भेटला तेव्हा म्हणाला, "तीन उन्हाळे झाले न्हवं? आता पाणी सोडा."

"सोडते," छबुबाई म्हणाली. आणि सोडलं नाही. सासूलाही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर तिचा विश्वासच बसला नाही. सहा महिने लक्ष दिलं नाही तरी नीट राहील अशी एकही गोष्ट तिनं जन्मात पाहिली नव्हती. झाडाचा तरी भरवसा काय?

दोन हजार बारा साली पावसानं तोंड फिरवलं. मृग कोरडा गेला, पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं, आणि दसऱ्याच्या आधीच वाडीत टँकर सुरू झाला. टँकर चार दिवसांनी यायचा आणि सगळं पाणी गावविहिरीत सोडून जायचा. मग बायकांनी दोर-बादली घेऊन ज्याच्या त्याच्या नशिबानं ओढायचं. आपल्याकडच्या कारखान्याची चिमणी तर उसाअभावी थंडच होती. त्या वर्षी ज्यांनी कधी कोयता धरला नव्हता तेही ट्रकात चढले. निघताना छबुबाईनं सासूला हाताला धरून बकुळीपाशी नेलं.

"आत्याबाई, बाकी काय बी होऊ द्या. हिचं पाणी चुकवू नका."

"न्हाई चुकवायची," तुळजाबाई म्हणाली.

त्या हंगामात छबुबाईनं अकरा फोन केले. फडातसुद्धा तिचा पाय ठरत नव्हता. इथं ऊस पार वाळून गेलेला, तर तिकडं झाडाचं काय झालं असेल? मोळी बांधता-बांधता ती मध्येच उभी राहून पूर्वेकडं बघायची. शहादेव म्हणायचा, "आगं, इथून दिसणार हाय का?" प्रत्येक फोनवर तेच, पाणी घातलं का, आणि तिकडून तेच, घातलं. संक्रांतीनंतर मात्र फोनवर भामाबाईच बोलायला लागली. "म्हातारीला इथवर यायला जमंना," ती म्हणाली.

"गुडघे धरले आसतील. बरं, बकुळीला पाणी?"

"घालती की." छबुबाईला तेवढं उत्तर पुरलं.

तिकडंही त्या वर्षी ऊस कमीच. मार्चच्या सुरुवातीलाच पट्टा पडला. ट्रक वाडीकडं वळला तेव्हा दोन्ही बाजूंची रानं भुईसपाट पिवळी होती. बोरी-बाभळींना पाला नाही, विहिरींच्या काठांवर बादल्यांची रांग. छबुबाई फळीला धरून उभीच होती. आणि वळणावर ते टोक दिसलं, हिरवंगार.

ट्रक पुरता थांबायच्या आत तिनं उडी मारली. काट्यांचं कुंपण सारून आत शिरली, पानं चोळली, खोडाला हात लावला. पुरलेलं मडकं अर्धं भरलेलं होतं. वाकून बघते तर खाली आठ-दहा फुलं. पहिलाच बहर. तिनं एक फूल उचलून नाकाला लावलं आणि तिला इतका आनंद झाला की तिनं मोठ्यानं हाक मारली, "आत्याबाई! आवं, फुलं आली!"

"बघितली मी," मागून आवाज आला.

छबुबाई वळली. तुळजाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आधीच वाळकी म्हातारी, ती आता निम्मी झाली होती. लुगडं मळून काळपट पडलेलं, ओठांना भेगा. उजवा हात बांबूच्या कामट्या लावून, जुन्या पटक्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला.

"हाताला काय झालं?"

"पडले."

"कवा?"

"संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात. हिरीवर."

"आन सांगितलं का न्हाई मला? इतके फोन केले मी!"

"तू इचारलंच न्हाईस," तुळजाबाई म्हणाली. टोमणा नव्हता तो. म्हातारीनं जे झालं ते सांगितलं, बस. छबुबाईच्या हातातलं फूल हातातच राहिलं.

बाकीचं भामाबाईकडून कळलं. टँकर आला की विहिरीवर झुंबड उडायची. म्हातारीला कुणी पुढं सरकू देत नसे आणि दोर ओढायची ताकदही नव्हती. कुणाला दया आली तर एक घागर मिळायची. चार दिवसांना एक घागर. त्यातली निम्मी झाडाला. उरलेल्या निम्म्यात पिणं, भाकरीचं पीठ मळणं आणि शेळी. "आंगोळ तर दिवाळीच्या पाण्यानंतर केलीच न्हाई तिनं," भामाबाई म्हणाली. "मी म्हणले, छबुबाईला सांगते. तर मला शपत घातली. म्हणली, तिचं ध्यान ह्या झाडात हाय, तिला तिथं काम सुचायचं न्हाई. हात मोडला तवा डाव्या हातानं वाहिलं तिनं."

छबुबाईनं त्या रात्री जेवण केलं नाही. तिला स्वतःची चीड आली होती, आणि त्याहून मोठी एक गोष्ट पोटात होती, ती फक्त तिला एकटीलाच माहीत होती.

दोन दिवसांनी शहादेव बैल घेऊन चारा छावणीवर गेला. तालुक्याच्या रस्त्याला एका दूध सोसायटीनं ती छावणी उघडली होती आणि जनावराबरोबर माणसानंही तिथंच राहायचं असा नियम होता. घरात दोघीच उरल्या. टँकरच्या दिवशी छबुबाईनं झुंबडीत घुसून तीन घागरी ओढून आणल्या. तुळजाबाई उठली, डाव्या हातात कळशी घेतली आणि सवयीनं बकुळीकडं निघाली.

"राहू द्या, आत्याबाई."

"आज तिचा दिस हाय."

"तिला लागत न्हाई."

"कोण म्हणतं?"

"माळीमामा. तीन उन्हाळे घालायचं, मंग बंद, आसं म्हणलेला."

तुळजाबाईनं कळशी खाली ठेवली. बऱ्या हाताच्या बोटांवर तिनं उन्हाळे मोजले. एक, दोन, तीन. मग उरलेली दोन बोटं तशीच उघडी ठेवून ती सुनेकडं बघत राहिली.

"म्हंजी औंदा लागतच नव्हतं?"

"न्हाई."

"तुला ठाव होतं?"

छबुबाईनं मान डोलावली.

"मंग मी कावून वाहिलं?"

छबुबाईनं जन्मभर सगळ्या प्रश्नांना पळत-पळत उत्तरं दिली होती. हा प्रश्न तिच्यापुढं उभा राहिला आणि तिला हलता येईना. तुळजाबाई ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

आठ दिवस सासू सुनेशी बोलली नाही. भामाबाईशी मोठमोठ्यानं बोलायची, शेळीशी बोलायची, पण सून पुढं आली की चूप. छबुबाईनं तिला तापल्या पाण्यानं न्हाऊ घातलं, तेल चोळलं, हाताचं बांधलेलं सोडून पुन्हा बांधलं. हात वाकडाच जुळला होता. म्हातारी सगळं करून घ्यायची, मांडीवर हात ठेवून समोर बघत. झाडाकडं मात्र छबुबाईला आता बघवेना. फुलं रोज पडायची आणि तिला त्यांचा वास नकोसा व्हायचा. एकदा तर कुऱ्हाड उचलून ती कुंपणापर्यंत गेलीसुद्धा. मग तिला वाटलं, या झाडानं काय केलंय? त्यानं तर पाणी मागितलंच नव्हतं.

कुऱ्हाड ठेवून तिनं खुरपं घेतलं आणि ते पुरलेलं मडकं उकरायला बसली. ते तिथं राहिलं असतं तर पुन्हा कुणाला तरी भरायची बुद्धी झाली असती. जमीन दगडासारखी. घामाघूम होऊन ती खुरपत होती.

"हळू काढ," मागून तुळजाबाई म्हणाली. "मुळ्या तुटतील."

आठ दिवसांनंतरचे ते पहिले शब्द. छबुबाईनं मान वर केली नाही, तिचे डोळे भरले होते. मडक्याला दोन-चार बारीक तंतू चिकटले होते. जाड मूळ त्याला वळसा घालून सरळ खाली कुठं गेलं होतं ते दिसतही नव्हतं.

पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि दसऱ्याला ट्रक आला. छबुबाई म्हणाली, मी येत नाही. जोडी नसली तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत शेवटची जागा, हे शहादेवनं सांगायची गरज नव्हती. तुळजाबाईच काठी आपटून म्हणाली, "जा. पाऊस झालाय, हिरीला पाणी हाय. मला काय झालंय?" छबुबाईनं घरात दोन रांजण भरून ठेवले, भामाबाईच्या हातापाया पडली, नांदूरघाटच्या लेकीला महिन्यातून एकदा येऊन जायला सांगितलं, आणि चढली. झाडाकडं तिनं वळूनही पाहिलं नाही.

पहिल्याच बाजारच्या दिवशी ती बांधावर चढली. भामाबाईनं हाक मारली, म्हातारी काठी टेकत आली. छबुबाईनं या वेळी सगळं मनात घोकून ठेवलं होतं.

"आत्याबाई, जेवलात का?"

"जेवले!"

"हात दुखतोय का? तेल लावता न्हवं? पाणी कोण आणून देतं?"

"भामाबाईची सून देती. हात हाय तिथं हाय. सटवाची बायको आली का औंदा?"

"आली. तिला दुसरा लेक झालाय. मुकादमाचं गुडघं धरलंय, सरस्वतीबाई तुमची याद काढती," छबुबाई म्हणाली आणि तिनं एकेका कोपीचं नाव घेऊन टोळीची सगळी खबर सांगितली. शहादेव खालून पैशाची खूण करत होता, तिनं तिकडं पाहिलं नाही. तिकडून म्हातारी हूं-हूं करत ऐकत होती. मग म्हणाली, "बकुळीचं इचारलं न्हाईस."

"तिला काय धाड भरती? तिचं ती बघती."

"मी घालते तिला पाणी."

"आवं आत्याबाई! आता कावून? तिला लागत न्हाई, किती बार सांगू?"

"तिला न्हाई लागत. ठाव हाय मला." म्हातारीचा आवाज एकदम खाली आला. पहिल्यांदाच ती फोनवर ओरडत नव्हती. "सांजच्याला तांब्याभर घालते. तीस वर्सं टोळीत कुणा ना कुणाला सांजचं पाणी दिलंय मी. आता अंगणात तेवढी तीच उभी आसती. कुणाला पाणी दिल्याबिगर मला घास गिळंना, छबू."

फोन बंद झाला. पैसे संपले असतील किंवा म्हातारीचं बोट कुठं लागलं असेल. छबुबाईनं तो कानावरून काढला आणि बांधावर खाली बसली. उकिडवी नाही, मांडी घालून, दोन्ही हात मातीवर टेकून.

शहादेवनं ते खालून पाहिलं आणि तो धावत वर आला. "काय झालं? आई...?"

"आई बरी हाय," छबुबाई म्हणाली. "ह्या महिन्याचं काम संपलं का मी घरी जाणार. तुमी मुकादमाला सांगा."

"आन आर्धा कोयता?"

"आर्धा तर आर्धा."

शहादेव तिच्या शेजारी बसला. खाली फडाच्या कडेला टोळीतली माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊन कोप्यांकडं परतत होती, आणि कुणीतरी कुणाला तरी पाणी मागत होतं.